वेगाची हौस, थांबण्याची तयारी

दिवाळी आली की सणसर-भवानीनगर पट्ट्यात ऊसतोडीची लगबग सुरू होते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात. संत तुकाराम महाराजांची पालखी ज्या रस्त्याने पंढरीला जाते, त्याच रस्त्याचे आता चौपदरीकरण झाले आहे. मोकळा रस्ता दिसला की गाडी पळवायची हौस असलेल्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. अशा वेळी अंधारात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे आली, तर जीव ब्रेकच्याच हाती असतो. म्हणून हौशी चालकाने इंजिनाच्या आधी ब्रेककडे पाहावे.

वेग वाढतो, उष्णता त्याहून वाढते

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. ताशी 60 किलोमीटरच्या तुलनेत 100 च्या वेगात ती जवळजवळ पावणेतीन पट असते. बाराशे किलोची कार 100 च्या वेगावरून थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात साधारण दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. ही सगळी उष्णता चार-पाच सेकंदांत मुख्यतः डिस्क आणि पॅडला सोसावी लागते.

ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकांवर जास्त भार येतो. बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात तयार होणारी, 2023 साली बाजारात आलेली एप्रिलिया आरएस 457 ही मोटारसायकल पाहा. तिची पुढची डिस्क 320 मिलिमीटरची आणि मागची 220 ची आहे.

डिस्क कोणती घ्यावी?

डिस्कचे ढोबळ चार प्रकार: भरीव, मधून हवा खेळणारी व्हेंटिलेटेड, भोकांची आणि खाचांची. भोकांची डिस्क दिसायला देखणी. पण पुन्हा पुन्हा तापली की भोकांच्या कडेपासून तडे जाऊ शकतात आणि आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल त्या भोकांत बसतो. खाचांच्या डिस्कवर पॅड लवकर झिजतात, आवाजही येतो. रोजच्या रस्त्यावर थोडी जोमाने चालणाऱ्या कारला पुढे कंपनीच्या मापाची, चांगल्या प्रतीची साधी व्हेंटिलेटेड डिस्क पुरते. मोठी डिस्क बसवायची तर कॅलिपर आणि चाकाचे माप बदलते, एबीएसचे गणितही बिघडू शकते.

जुनी डिस्क तपासणे सोपे आहे. गाडी थंड असताना डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नख फिरवा. कडेला उंचवटा लागला, तर मधला भाग झिजला आहे. किमान किती जाडी हवी, हे बहुतेक डिस्कवर कोरलेले असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून परत वापरू नये. घाटातून उतरल्या उतरल्या तापलेल्या चाकांवर गार पाण्याचा पाइपही मारू नये. डिस्क वाकडी होऊ शकते.

पॅडची निवड

ऑरगॅनिक पॅड शांत आणि स्वस्त, पण दिवेघाट किंवा खंबाटकीसारख्या उतारावर सतत दाबले की तापून पकड सोडतात. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात. मात्र धूळ आणि आवाज जास्त. सिरॅमिक पॅडची धूळ कमी, चालही शांत. मोटारसायकलला सिंटर्ड पॅड पावसात चांगली पकड देतात. हौशी चालकाने रस्त्यासाठी बनवलेले उत्तम सेमी-मेटॅलिक पॅड घ्यावेत. शर्यतीचे पॅड टाळावेत; ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि सणसरच्या चौकात सकाळी पहिला ब्रेक थंड पॅडवरच लागतो. पॅड नेहमी एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. मसाला तीन मिलिमीटरवर आला की वेळ झाली असे समजावे.

नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर 60 च्या वेगावरून 15-20 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग उतरवावा, मध्ये थोडे अंतर गाडी चालवून ब्रेक थंड होऊ द्यावेत. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो, मग पकड येते.

विसरलेले ब्रेक ऑईल

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट 4 ऑईलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. ऑईल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल थेट खाली जाते. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे.

पैसे मोजकेच असतील, तर आधी चांगले टायर आणि ताजे ऑईल, मग पॅड आणि शेवटी डिस्क असा क्रम धरा. सुटे भाग अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिल मागा. या दिवाळीत गाडीला हार घालण्याआधी एकदा चाक काढून पॅडची जाडी पाहून घ्या.