कोंबडीच्या खाद्यात टरफल

आमच्या माळव्यात सोयाबीनच्या कारखान्यांतून टरफलांचे ढीग निघतात. ‘सर, ही आमच्या ब्रॉयलर कोंबड्यांना चालतील का?’ असे आठवीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न पोटापाण्याचा, या धंद्यात ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावरच होतो.

गाय रवंथ करते, कोंबडी नाही. तंतुमय भाग तिला फारसा पचत नाही. मग उपयोग काय? भरड टरफल पेषणीत रेंगाळते. तिचे स्नायू बळकट होतात, बाकीचा दाणा बारीक दळला जातो आणि नीट पचतो. प्रयोगांत सुमारे ३ टक्के ओटचे किंवा सोयाबीनचे टरफल लाभदायक ठरले आहे. स्वस्त म्हणून भरमसाट घातले, तर पक्ष्याचे वजन भरत नाही. बुरशी लागलेले तर मुळीच नको, हे आम्ही त्याला दोनदा बजावले.