वाढला, पण कशाच्या मानानं? उसाच्या रानातली ए/बी टेस्ट

(या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातले अडखळे तेवढे काढलेत.)

आजचा विषय आहे संख्याशास्त्र. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. आज सूत्रं नाहीत, ऊस आहे.

माझे मामा इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस करतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातला एआयवरचा ऊस तुम्ही रीलमध्ये पाहिलाच असेल. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेऊन तो प्रयोग केला. उपग्रहाचे फोटो, जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र, आणि या सगळ्यावरून पाणी-खत कधी आणि किती द्यायचं याचा मोबाईलवर सल्ला. २०२५ च्या सुरुवातीला खुद्द सत्या नाडेलांनी त्याचा उल्लेख केला आणि चर्चा अजून वाढली.

मग मामांचा फोन. "आमच्या शेजाऱ्यानं असलंच कायतरी बसवलंय. म्हणतोय, ऊस लई वाढला. पुढच्या लागणीला मी पण सगळ्या रानात करू का? तू कम्प्युटरवाला, सांग."

मी विचारलं, "मामा, वाढला म्हणजे कशाच्या मानानं?"

"गेल्या उसाच्या!"

इथेच घोळ आहे. शेजाऱ्याचा गेला ऊस सुरू होता, आत्ताचा आडसाली. सुरू ऊस साधारण बारा महिन्यांत तुटतो, आडसाली सोळा-अठरा महिने उभा असतो. तो जास्त भरणारच! वर पाऊस वेगळा, बेणं वेगळं. मग श्रेय सेन्सरला द्यायचं, पावसाला की हंगामाला? सेन्सर वाईट आहे असं मी म्हणत नाही. या तुलनेवरून ते कळतच नाही, एवढंच.

आमच्याकडे अ‍ॅपमध्ये नवीन बटण टाकायचं असेल तर ए/बी टेस्ट करतात. निम्म्या लोकांना जुनं बटण, निम्म्यांना नवीन, आणि कोणाला काय मिळणार ते कम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. मला वाटायचं ही आयटीवाल्यांची आयडिया. पण तिचं मूळ शेतातच आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या पिकांच्या प्रयोगांतून त्यांनी ही पद्धत उभी केली.

मग मामांच्या रानात काय करायचं?

कालव्याकडची जमीन एक, खालच्या अंगाची चोपण. म्हणून एका एकरात शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या सहा जोड्या पाडायच्या. एका जोडीतली जमीन जवळपास सारखी. बेणं तेच, लागणीची तारीख तीच. प्रत्येक जोडीत कुठला पट्टा नवीन पद्धतीचा, ते नाणं उडवून ठरवायचं. मामांनी ठरवायचं नाही! माणूस नकळत चांगली जमीन नवीन गोष्टीला देतो.

आता समजा निकाल आला. हे आकडे फक्त उदाहरणासाठी. नवीन पद्धतीचा पट्टा जुन्यापेक्षा एकरी किती टन पुढे: ६, ४, उणे १, ५, ३, ७. बेरीज २४, सरासरी ४ टन. भारी वाटतंय ना? पण हे नुसतं नशीब असलं तर?

असं समजा की नवीन पद्धतीनं काहीच फरक पडत नाही. मग नाणं उलटं पडलं असतं तर त्या जोडीचं चिन्ह फक्त उलटं झालं असतं. सहा नाणी, म्हणजे ६४ शक्यता. कम्प्युटरला सांगा, सगळ्या ६४ बेरजा काढ. त्यातल्या २४ किंवा त्याहून जास्त किती? फक्त दोन! ६४ पैकी २, म्हणजे साधारण ३ टक्के. नुसत्या नशिबानं एवढा फरक क्वचितच दिसला असता.

कॉलेजात मी टी-टेस्टचा तक्ता बघून मार्क मिळवले, पण अर्थ कळला तो हे दहा ओळींचं पायथन लिहिल्यावर. हे मोबाईलवर गूगल कोलॅबमध्येही चालतं. आणि मोबाईल नसेल तर कागदावरही होतं, म्हणून शिकवायला मला हेच आवडतं.

वजन कसं करायचं?

मामा म्हणाले, "आरं, टोळी थांबती व्हय तुझ्या कागदासाठी?" बरोबर आहे. कारखान्याचा काटा सगळ्या गाडीचं वजन सांगतो, पट्ट्याचं नाही. मग तोडणीआधी प्रत्येक पट्ट्यातला थोडा ऊस मोजून तोडून वजन करायचा.

इथे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आठवतात. पीक कापणी प्रयोगांत छोटा तुकडा घेतला की उत्पादन फुगतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. कारण हद्दीवरची झाडं आत धरली जातात, आणि तुकडा जितका छोटा तितकी हद्द जास्त. म्हणून तुकडा मोठा घ्यायचा, कडेच्या सऱ्या सोडायच्या, आणि कुठे तोडायचं ते मोबाईलच्या रँडम नंबरनं ठरवायचं. डोळ्यानं निवडला तर हात जाड उसाकडेच जातो. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी मिळून शेती संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे, मंडळी!

एक गोष्ट विसरू नका. ३ टक्के म्हणजे फायदा झाला असं नाही. जास्तीच्या टनांचे पैसे वजा यंत्रणेचा खर्च, हा हिशोब वेगळाच. आणि मामांच्या रानातलं उत्तर चोपण नसलेल्या रानाला तसंच्या तसं लागू होईल असंही नाही.

मामांनी शेवटी एक एकर प्रयोगाला दिलं, बाकी रान जुन्याच पद्धतीनं. ठिबकला प्रत्येक पट्ट्याचा व्हॉल्व्ह वेगळा करावा लागला, त्यावरून मला दोन शब्द ऐकावे लागले. नाणं मामींनी उडवलं. आडसाली असल्यानं निकालाला दीड वर्ष लागेल. मामा म्हणाले, "एक एकर चुकलं तर सोसंल. सगळं रान चुकलं तर नाही."

तोवर तुम्हाला एक काम. पुढच्या वेळी कोणी "इतके टक्के वाढ" म्हणालं, मग ते खत असो, क्लास असो नाहीतर अ‍ॅप, दोनच प्रश्न विचारा. कशाच्या मानानं? आणि कोणाला काय मिळणार ते कोणी ठरवलं?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!