घायपाताचा दांडा: वर्षं मोजू नका, साठा पाहा

आदिलाबाद आणि यवतमाळ यांच्यामधून पैनगंगा वाहते. राज्यं बदलली तरी दोन्ही काठांवर काळी जमीन तीच, कापूस तोच, आणि मराठीही दोन्हीकडे चालते. घायपात या मातीतलं नाही, ते मूळचं मेक्सिकोकडचं. पण दख्खनच्या पठारावर ते असं रुजलं की बांधाला कुंपण म्हणून आणि वाखाची दोरी वळण्यासाठी लोकांनी ते आपलंसं केलं. काही भागांत त्याला केकताड म्हणतात. वर्षानुवर्षं एकाच जागी ढिम्म बसलेल्या या झाडाच्या मधोमध एक दिवस दांडा निघतो आणि पाहता पाहता घराच्या छपरावर जातो. मग जो तो आपापलं ज्ञान पाजळू लागतो. त्यातलं खरं किती?

गैरसमज: घायपात शंभर वर्षांतून एकदा फुलतं.

वस्तुस्थिती: एकदाच फुलतं हे खरं, शंभर वर्षांची गोष्ट मात्र खोटी. कडेला वाकडे काटे असलेलं, राखाडी-निळसर रंगाचं मोठं घायपात उबदार हवेत साधारण दहा ते तीस वर्षांत फुलतं. गुळगुळीत काठाची, तलवारीसारखी सरळ पानं असलेलं सिसाल जातीचं घायपात त्याहून घाईचं. ते बहुधा सात ते दहा वर्षांत दांडा काढतं आणि तोवर त्याची दोनशे ते अडीचशे पानं येऊन गेलेली असतात. थंड देशातल्या काचघरात हाच काळ कितीतरी लांबतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात 1934 मध्ये आणलेलं एक घायपात 2014 मध्ये फुललं. म्हणजे तब्बल 80 वर्षांनी. दांड्याला वाट देण्यासाठी छताची काच काढावी लागली. आपल्याकडे हवा उबदार आणि ऊन भरपूर, त्यामुळे इतकी वाट पाहावी लागत नाही.

गैरसमज: खत-पाणी वाढवलं की लवकर फुलेल.

वस्तुस्थिती: पुष्कळ झाडं याच समजुतीने मरतात. दांडा येतो तो साठ्यावर. घायपात मधल्या जाड बुंध्यात आणि पानांच्या बुडाशी साखर व पाणी जमवत जातं. साठा पुरेसा झाला की वाढीचा शेंडा पानं काढणं थांबवतो आणि फुलोऱ्याकडे वळतो. मग पुष्कळ वर्षांची ही पुंजी काही आठवड्यांत खर्च होते. मोठ्या घायपाताचा दांडा सहा ते नऊ मीटर उंच जातो आणि जोमात असताना दिवसाला दहा-पंधरा सेंटिमीटर वाढतो. दांडा चढताना पानं सुरकुततात, कारण तो त्यांच्यातलंच ओढून घेत असतो.

हा साठा व्हायला भरपूर पाण्याची गरज नसते. घायपाताची श्वासरंध्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन ते आम्लाच्या रूपात ठेवतं आणि दिवसा उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं. म्हणून कोरड्या हवेतही त्याचं पाणी फारसं उडत नाही. आदिलाबादच्या काळ्या जमिनीत अडचण वेगळीच असते. ही माती पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि घायपाताची मुळं व बुंधा सडतो. झाड टिकलंच नाही तर फुलणार कुठून?

त्यामुळे आदिलाबाद भागात बेला, जैनथ, इच्चोडा, बोथ कुठेही लावायचं असलं तरी मुरमाड उतार किंवा उंच बांध निवडा. काळ्या जमिनीत मुरूम आणि खडी घालून उंचवटा करा. जागा दिवसभर उन्हाची हवी. कुंडीत मुळांना जागा अपुरी पडते आणि साठा रेंगाळतो, म्हणून फुलोरा पाहायचा असेल तर झाड जमिनीत लावा. वाखासाठी पानं काढायची तर खालची जुनी काढा. वरची ओरबाडली तर साठा करणारं साधनच जातं.

गैरसमज: अननसासारखं कार्बाइड घातलं की दांडा येतो.

वस्तुस्थिती: अननसाच्या बागेत कार्बाइड किंवा इथेफॉन वापरून एकाच वेळी फुलोरा आणतात, हे खरं. पण घायपातासाठी असा खात्रीचा उपाय नाही. ऊन, निचरा आणि धीर एवढंच आपल्या हातात आहे.

गैरसमज: दांडा वेळीच छाटला की झाड वाचतं.

वस्तुस्थिती: दांडा दिसतो तोवर शेंड्याचं रूप बदललेलं असतं. छाटल्याने तो पुन्हा पानांकडे वळत नाही. झाड काही काळ तग धरतं, पण जातंच. मेक्सिकोत दांडा उगवताच कापतात तो झाड वाचवायला नव्हे, तर बुंध्यातली साखर मद्यासाठी राखायला. घरच्या झाडाचा दांडा मात्र खुशाल वाढू द्यावा. फुलांत मध भरपूर असतो आणि मधमाश्यांची तिथे रीघ लागते.

गैरसमज: फुललं म्हणजे वंश संपला.

वस्तुस्थिती: मरतो तो फक्त फुललेला बुंधा. त्याच्या पायथ्याशी केळीसारखे मुनवे आधीच फुटलेले असतात आणि ते जगतात. सिसालची तऱ्हा आणखी निराळी. त्यात बी क्वचितच धरतं. फुलं गळाली की दांड्याच्या फांद्यांवर इवली इवली रोपं फुटतात. या कंदिका गळून खाली पडल्या की रुजतात. एका दांड्यावर त्या शेकड्यांनी येतात. 1893 मध्ये जर्मन कृषितज्ज्ञ रिचर्ड हिंडॉर्फ यांनी फ्लोरिडाहून अशा हजार कंदिका पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात मागवल्या. जगल्या फक्त 62. त्या 62 रोपांतून तिथला प्रचंड सिसाल उद्योग उभा राहिला.

गैरसमज: घायपात फुललं की दुष्काळ पडतो.

वस्तुस्थिती: ही भीती बांबूकडून आली असावी. आदिलाबादच्या जंगलातला मानवेल बांबूही आयुष्यात एकदाच फुलतो, आणि बांबूचं बेट सामूहिकपणे फुललं की बियांचा खच पडतो. मिझोराममध्ये 1959 च्या सुमारास तिथल्या बांबूच्या बियांवर उंदीर माजले, मग त्यांनी पिकं फस्त केली आणि खरोखर दुष्काळ पडला. प्रत्येक घायपात मात्र आपापल्या साठ्याप्रमाणे फुलतं आणि उंदरांच्या टोळ्या पोसेल एवढं बी टाकत नाही. त्याच्या दांड्याचा पावसाशी संबंध जोडू नये.

गैरसमज: घायपात म्हणजे मोठी कोरफडच.

वस्तुस्थिती: दिसण्यावर जाऊ नका. घायपात शतावरीच्या कुळातलं, कोरफड वेगळ्या कुळातली. कोरफड दरवर्षी फुलू शकते आणि फुलून मरत नाही. तिचा गर पिळता येतो, तर घायपाताचा रस अंगाला लागला की खाज आणि पुरळ उठतं, कारण त्यात सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. पान कापताना, दांडा तोडताना हातमोजे घाला आणि डोळे जपा. टोकाच्या काट्यापासून पोरांना दूर ठेवा.

दांडा सुकला की तोही वाया जात नाही. वजनाला हलका आणि सरळ असल्याने वेलांना आधार म्हणून तो चालतो. वाळलेला बुंधा उपटला की मुनव्यांना मोकळी जागा मिळते. त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे पावसाच्या तोंडावर दुसऱ्या बांधावर हलवावेत. पुढचा दांडा त्यांच्यातूनच यायचा आहे.