पहिल्या दिवसाचं टायमिंग

सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं. सैन्यभरतीत ‘जनरल ड्युटी’साठी मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला हे गणित पाठ असतं. 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत संपवलं तर 60 गुण, त्यापुढे 5 मिनिटं 45 सेकंदांपर्यंत 48. बीमवर दहा पुलअप्स निघाले की आणखी 40. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पार करायचे. 400 मीटरच्या ट्रॅकवर साडेपाच मिनिटं म्हणजे चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंदांत, ताशी जवळपास साडेसतरा किलोमीटरच्या वेगाने. सातारा-सांगलीपासून बुलढाण्यापर्यंत पहाटे चार-साडेचारला डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांचं आयुष्य या चार फेऱ्यांभोवती फिरत असतं. दोघं भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘सोळाशेला टायमिंग किती?’

या टायमिंगकडे आपण गुण म्हणून पाहतो. निवड झाली, यादीत नाव आलं, की ते विसरलं जातं. पण गेल्या चाळीस वर्षांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि इस्रायलच्या सैन्यांतल्या डॉक्टरांनी रिक्रूटांवर जो अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी रिक्रूट किती वेगाने धावतो, यावरून पुढच्या दहा-बारा आठवड्यांत त्याला दुखापत होण्याची शक्यता किती, हे बऱ्याच अंशी सांगता येतं. हे समजून ज्यांनी प्रशिक्षणाची आखणी बदलली, त्यांनी हजारो तरुणांची हाडं वाचवली. आपल्याकडे हे ज्ञान भरतीच्या मैदानापर्यंत आणि गावोगावच्या अकादम्यांपर्यंत पोचलेलं नाही, ही खंत या लेखामागे आहे.

दुखणं जुनं आहे. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांबच्या कवायतींनंतर सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, याची नोंद केली. पाऊल कुठे मुरगळलेलं नसायचं, कुठे मार लागलेला नसायचा, तरी शिपाई लंगडायचा. कारण कळायला क्ष-किरणांचा शोध लागावा लागला. 1897 मध्ये श्टेखोव याने अशा पायांची क्ष-किरण छायाचित्रं घेतली आणि तळपायाच्या लांब हाडांना तडे गेलेले दिसले. लष्करी वैद्यकात त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव पडलं. आज आपण त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. हा तडा एका फटक्याने जात नाही. लाखो पावलांचा भार साठत जातो आणि हाड एके दिवशी हार मानतं.

धावण्याच्या वेळेला शास्त्रीय वजन आलं ते 1968 मध्ये. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी 115 अधिकारी आणि हवाई सैनिकांना बारा मिनिटं धावायला लावलं. त्यांनी कापलेलं अंतर आणि प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर मोजलेली प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता यांचा ताळा घेतला, तर दोन्हींत विलक्षण जवळचा संबंध निघाला. महागडं यंत्र नसलं तरी स्टॉपवॉच आणि मोकळं मैदान यांवर माणसाच्या हृदय-फुप्फुसांचा अंदाज बांधता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. कूपर यांच्या सूत्राने बारा मिनिटांत 2,400 मीटर धावणाऱ्याची क्षमता किलो वजनामागे मिनिटाला साधारण 42 मिलीलिटर येते, तर 2,800 मीटर धावणाऱ्याची 51. पुढे अनेक सैन्यांनी धावण्याची चाचणी कायमची स्वीकारली. अमेरिकन भूदलाने 1980 मध्ये दोन मैलांची दौड ठेवली. त्यात पुढे 17 ते 21 वयाच्या पुरुषाला उत्तीर्ण व्हायला 15 मिनिटं 54 सेकंद आणि पूर्ण गुणांसाठी 13 मिनिटं असा हिशेब होता.

मंद धावणाऱ्याला जास्त दुखापत का व्हावी, हे आकड्यांत मांडलं की पटकन कळतं. सपाट जमिनीवर ताशी दहा किलोमीटरने धावायला किलोमागे मिनिटाला साधारण 37 मिलीलिटर प्राणवायू लागतो. आता एका प्लाटूनमध्ये दोन रिक्रूट शेजारी शेजारी धावताहेत असं समजा. एकाची कमाल क्षमता 55, दुसऱ्याची 40. उस्तादाने सगळ्यांना एकच ठेका दिलाय. पहिला आपल्या ताकदीच्या दोन तृतीयांशावर आरामात चाललाय. दुसरा नव्वद टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे रोज सकाळी तो शर्यत पळतोय. थकलेल्या स्नायूंना धक्का शोषून घेता येत नाही, पाऊल जड पडतं आणि सगळा भार नडगीच्या हाडावर जातो. व्यायाम दोघांचा सारखा दिसतो, पण एकासाठी तो सराव असतो आणि दुसऱ्यासाठी अत्याचार.

याचा सर्वांत ठळक पुरावा मला ऑस्ट्रेलियातल्या कापुका इथल्या अभ्यासात दिसतो. न्यू साउथ वेल्समधल्या वागा वागा शहराजवळ ऑस्ट्रेलियन भूदलाचं रिक्रूट केंद्र आहे. तिथे रॉड पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,538 पुरुष रिक्रूटांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. 735 जणांनी रोज कसरतीआधी पायांचे स्नायू ताणायचे, 803 जणांनी ताणायचे नाहीत. त्या काळी, आणि आजही, जवळजवळ प्रत्येक पीटी शिक्षक सांगतो की स्ट्रेचिंग केलं की दुखापत टळते. बारा आठवड्यांनी मोजदाद झाली. ताणणाऱ्यांमध्ये पायाच्या दुखापती 158, न ताणणाऱ्यांमध्ये 175. गटांचा आकार लक्षात घेतला तर दोन्हीकडे प्रमाण जवळजवळ सारखंच, शेकडा एकवीस-बावीस. 2000 साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण त्यातला खरा निष्कर्ष पुढे होता. सुरुवातीला घेतलेल्या 20 मीटरच्या शटल धावण्यात जे सर्वांत मागे होते, त्यांना दुखापत होण्याची शक्यता सर्वांत तंदुरुस्त रिक्रूटांच्या चौदा पट होती. ज्या उपायावर सगळे विसंबून होते तो निष्प्रभ ठरला, आणि ज्या आकड्याकडे कोणी गुणांपलीकडे पाहत नव्हतं, तोच धोका सांगत होता.

अमेरिकेत ब्रूस जोन्स, जोसेफ नॅपिक वगैरेंनी आणि ब्रिटनमध्ये 13,000 हून अधिक रिक्रूटांवर झालेल्या अभ्यासानेही हेच दाखवलं. त्यांच्या कामातून स्त्री रिक्रूटांबद्दलचा एक जुना समजही ढासळला. अमेरिकन प्रशिक्षण केंद्रांत स्त्रियांना पुरुषांच्या साधारण दुप्पट दुखापती व्हायच्या, म्हणून ‘बाईच्या शरीराला हे झेपत नाही’ असं मानलं जायचं. 2000 सालच्या एका अभ्यासात सारखी धावण्याची क्षमता असलेल्या स्त्री-पुरुषांची तुलना केली, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. आधी कधी पळायची संधी न मिळालेल्या मुली मैदानात आल्या होत्या, आणि त्याची किंमत त्यांच्या हाडांनी मोजली. प्रशिक्षणात त्यांची सुधारणाही पुरुषांपेक्षा अधिक झाली.

मात्र हा निष्कर्ष उलट्या दिशेने वापरला तर काय होतं, हे ब्रिटनने अनुभवलं. 1998 मध्ये तिथे समानतेच्या नावाखाली स्त्री-पुरुष रिक्रूटांना एकच कार्यक्रम लागू झाला. अतिश्रमाच्या दुखापतींमुळे वैद्यकीय कारणाने घरी पाठवाव्या लागणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 4.6 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर गेलं. पुरुषांचं दीड टक्क्याच्या आतच राहिलं. संधी समान हवीच. पण पहिल्या दिवशीचा भार प्रत्येकाच्या पायानुसार ठरवावा लागतो, हे ज्यांनी ओळखलं नाही त्यांनी त्या मुलींवर अन्याय केला, असं मी स्पष्ट म्हणेन. ऑस्ट्रेलियात हेच काम नीट झालं. उंच पुरुषांच्या बरोबरीने लांब टांगा टाकत संचलन करणाऱ्या स्त्रियांच्या ओटीपोटाखालच्या हाडांना तडे जात होते. संचलनाचा वेग ताशी साडेसात किलोमीटरवरून पाचवर आणला, स्वतःच्या लांबीचं पाऊल टाकायला परवानगी दिली, रांगेत अंतर वाढवलं. तड्यांचं प्रमाण 11.2 टक्क्यांवरून 0.6 टक्क्यावर आलं. खर्च जवळजवळ शून्य.

कमी धावून रिक्रूट मंद होतील, ही भीती प्रत्येक उस्तादाच्या मनात असते. अमेरिकन मरीन दलाने सॅन दिएगोच्या केंद्रात ती तपासून पाहिली. तिथे प्रशिक्षणातलं एकूण धावण्याचं अंतर 55 मैलांवरून 33 मैलांवर आणलं, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून खाली आले. तीन मैलांची सरासरी वेळ वाढली ती जेमतेम अर्ध्या मिनिटाने.

इस्रायलची कहाणी अधिक लांबलचक आहे. 1985 मध्ये मिलग्रोम आणि सहकाऱ्यांनी 295 रिक्रूटांचा बारकाईने माग काढला, तर 31 टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर सापडले. मग बूट बदलले, बुटातल्या गाद्या बदलल्या, औषधंही करून पाहिली. पंचवीस वर्षांच्या धडपडीनंतर साठ टक्क्यांहून अधिक घट झाली ती दोन साध्या गोष्टींमुळे: रात्री किमान सहा तास झोप आणि एकूण चालण्याच्या अंतरात कपात. त्याच गटाच्या 783 रिक्रूटांवरच्या अभ्यासातली आणखी एक नोंद आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. 17 ते 26 या वयात दर वाढत्या वर्षागणिक धोका 28 टक्क्यांनी कमी होत होता. अग्निवीर भरतीची पात्रता साडेसतरापासून सुरू होते, म्हणजे आपली सर्वांत लहान मुलं सर्वांत नाजूक वयात या भाराखाली येतात.

आता आपल्याकडे येऊ. 2012 मध्ये आपल्या लष्करी वैद्यकीय नियतकालिकात दाश आणि कुशवाह यांनी 8,570 रिक्रूटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे सात टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाले होते. ही सगळी मुलं भरतीचं मैदान मारून आलेली, म्हणजे मंद म्हणावीत अशी नव्हेत. मग तडे का? मला याचं उत्तर हाडाच्या स्वभावात दिसतं. नियमित सरावाने हृदय-फुप्फुसं सहा-आठ आठवड्यांत सुधारतात आणि टायमिंग झपाट्याने खाली येतं. हाडाचं तसं नाही. वाढता भार आला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरायला काही आठवडे पुरतात, भरून पक्कं व्हायला महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमजोर असतं. नेमक्या त्याच काळात मुलगा स्वतःला सर्वांत तयार समजत असतो.

आपल्याकडची तयारीची रीत या धोक्यात भरच घालते. जाहिरात निघाली की मुलं एकदम पळायला लागतात, तेही डांबरावर आणि रोज पूर्ण जोराने, आठवड्यात एकही सुट्टी न घेता. 2023 पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन परीक्षा आणि नंतर मैदान असा क्रम आहे. त्यामुळे परीक्षेपर्यंत बसून अभ्यास आणि निकालानंतर घाईघाईचं धावणं, असंच अनेकांचं होतं. निवड झाल्यावर तर धावणं सुटतंच. मग नाशिक रोडचं तोफखाना केंद्र, खडकीचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र, कामठीचं गार्ड्सचं, अहिल्यानगरचं चिलखती दलाचं किंवा बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गाठायचं, आणि पहिल्या आठवड्यापासून दौड, परेड, रगडा. पुढे बीपीईटी या लढाऊ शारीरिक क्षमता चाचणीत हत्यारासह पाच किलोमीटरची दौड असते. तिशीच्या आतल्या जवानाने ती 25 मिनिटांत संपवली तर उत्कृष्ट. अग्निवीरांचं प्रशिक्षण पूर्वीच्या पायदळ रिक्रूटांपेक्षा कमी आठवड्यांचं आहे. कार्यक्रम लहान झाला म्हणून हाडाचं भरणं लवकर होत नाही.

पोलीस भरतीकडेही पाहायला हवं, कारण मुलं तीच असतात. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर कमी झालं, आणि आज शिपाई पदासाठी पुरुषांना 1,600 आणि महिलांना 800 मीटर आहे. झारखंडमध्ये 2024 च्या उन्हा-पावसात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक तरुण गेले. नोकरी मागायला आलेल्या मुलाचा मैदानावर मृत्यू व्हावा, यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट शासनाच्या वाट्याला येऊ नये.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते महाग नाही. प्रशिक्षण केंद्रात पहिल्याच आठवड्यात धावण्याची चाचणी घेऊन वेगाप्रमाणे गट करावेत. अमेरिकन सैन्यात अशी गटवार दौड रुळलेली आहे. 2022 पासून तर दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सन इथे कमी पडणाऱ्या इच्छुकांसाठी मूळ प्रशिक्षणाआधी वेगळा तयारी वर्ग चालतो. आहाराचंही तसंच. अमेरिकन नौदलाच्या 5,201 स्त्री रिक्रूटांच्या चाचणीत आठ आठवडे रोज 2,000 मिलीग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर वीस टक्क्यांनी कमी झाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 30 मे 2025 रोजी मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि लष्करी पोलीस दलात मुली 2021 पासून शिपाई म्हणून येत आहेत. त्यांच्यासाठी हे संशोधन आता तातडीचं आहे.

अकादमी चालवणाऱ्यांना आणि घरच्यांना माझी विनंती आहे. भरती निघण्याची वाट न पाहता किमान सहा महिने आधी सुरुवात करा. आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवा, निम्मं धावणं मातीवर ठेवा, एक दिवस पूर्ण विश्रांती द्या आणि मुलाला पहाटे चारला उठवायचं असेल तर रात्री नऊला झोपू द्या. निवड झाल्यावर हजर होण्याच्या दिवसापर्यंत आठवड्यातून तीन-चारदा हलकं धावणं चालू ठेवा. आणि नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर ‘पळून पळून मोकळं होईल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्याच दिवशी धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रे साफ आला तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवा, कारण सुरुवातीला हा तडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही.