काळी जमीन, पण निचरा नाही

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या उत्तर-मध्य भागात ‘वेबस्टर’ नावाची पोयट्याची जमीन आढळते. शेवटच्या हिमयुगात हिमनदीने मागे टाकलेल्या गाळामातीपासून ती तयार झाली. उतार जेमतेम ० ते ३ टक्के असल्याने पाणी लवकर हटत नाही. वरचा थर सेंद्रिय पदार्थांमुळे काळाभोर असतो. खाली मात्र पाण्यामुळे हवा खेळत नाही. लोहाचा तांबूसपणा जाऊन माती करडी होते व पिकांची मुळे गुदमरतात. तेथील शेतकऱ्यांनी सुमारे १ मीटर खोलीवर निचऱ्याच्या नळ्या पुरल्या, तेव्हा मका व सोयाबीन जोमाने येऊ लागले. मात्र नळ्यांवाटे नायट्रेटही वाहून जाते, म्हणून नत्र विभागून द्यावे लागते.

जमीन पारखताना वरच्या रंगावर भुलू नये. खड्डा खणावा, खाली करड्या मातीत तांबूस ठिपके दिसल्यास खताआधी निचऱ्याचा विचार करावा.