गाणं तीन मिनिटांचं का?

“बाई, गाणं इतक्या लवकर का संपतं?” परवा वर्गात एकाने विचारलं. मुलांनो, तुम्हांलाही पडलाय हा प्रश्न?

शंभर वर्षांपूर्वी आपली संगीत नाटकं रात्रभर चालत. ‘वन्समोअर’ मिळाला, की बालगंधर्व तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गात. घाई कुणाला होती?

पण ग्रामोफोन आला! १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान भल्यामोठ्या कर्ण्यासमोर गायल्या. तबकडीवर मावत जेमतेम तीन मिनिटं. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा! शिवाय आवाज खणखणीत हवा, नाहीतर मेणावर नीट उमटायचाच नाही.

१९२५ साली मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि हळुवार आवाजही टिपता येऊ लागला. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी, जे. एल. रानडे यांची भावगीतं तबकड्यांवर आली. छोटी, स्पष्ट शब्दांची, कुणीही गुणगुणावीत अशी!

गाण्याचा ऐसपैसपणा गेला खरा. पण ज्यांनी नाटकाचं तिकीट कधी काढलं नव्हतं, त्यांच्याही कानी गाणं पडलं. तुम्ही काय निवडलं असतंत? आज आजीला एखादं जुनं गाणं म्हणायला सांगा. आणि हो, घड्याळ बघू नका!