विनोदी नटाचा चेहरा आणि कंपवात

विनोदी नटाचे भांडवल कोणते, असे विचारले तर बहुतेकजण ‘विनोद’ असे उत्तर देतील. ते अर्धेच खरे. तोच विनोद दुसऱ्याच्या तोंडी पडतो, हे आपण नित्य पाहतो. खरे भांडवल म्हणजे हलणारी भुवई, आवाजाचा चढउतार आणि वाक्यातला नेमका थांबा.

पु. ल. देशपांडे यांच्यापाशी ते अमाप होते. ‘गुळाचा गणपती’ या १९५३ च्या चित्रपटात कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका त्यांचीच. १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ रंगभूमीवर आली, तेव्हा चाळीतील सारी बिऱ्हाडे या एका देहातून बोलू लागली. अशा माणसाला उतारवयात कंपवाताने गाठले. १२ जून २००० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

हा विकार करतो तरी काय? मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. हालचाल सुरू होणे आणि ती सहज होणे त्यावर अवलंबून असते. या पेशी झिजू लागल्या की हात थरथरतो, पाऊल अडखळते, अक्षर बारीक होते, आवाज क्षीण होतो. चेहऱ्याचे स्नायू मंदावून मुद्रा मुखवट्यासारखी स्थिर होते. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलेल्यांना ठाऊक आहे की, मुखवट्याआडचा नाचणारा सर्वांगाने बोलतो. येथे अंगही साथ देत नाही. आत मात्र हसू शाबूत असू शकते.

म्हणूनच घरातील वडीलधारी माणसे हसेनाशी झाली, हळू बोलू लागली, तर ‘आजोबा तिरसट झाले’ असा निकाल देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रोग समूळ जात नाही. परंतु लेव्होडोपासारख्या औषधांनी व नियमित व्यायामाने पुष्कळ काळ बरा घालवता येतो. डहाणू-तलासरीकडे परिचित असलेल्या खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असते. तथापि त्या बिया आपल्या मनाने खाणे धोक्याचे आहे, कारण मात्रा चुकल्यास भ्रम किंवा वांत्या होऊ शकतात.

ज्याने आपल्याला हसविले, त्याचा चेहरा निश्चल झाला म्हणून तो आपल्यावर रुसला असे समजू नये. त्याच्याजवळ बसावे, बोलावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. थांब्याचे मोल विनोदी नटाइतके कोणाला ठाऊक असणार?